चित्राखालची ओळ

पोंतेवेद्रातल्या छोट्याशा लॉजवर मालकीणबाईंनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “आ चावे.”

मी लेकीकडे बघितलं. ती नोकरीनिमित्त पोर्तोला राहते, पोर्तुगीज सराईत बोलते. म्हणाली, “बाबा, चावीच. पोर्तोत ‘शाव्ह’ म्हणतात, इथे अजून ‘च’ शाबूत आहे.” पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज गोव्यात उतरले तेव्हा त्यांच्याही तोंडी हा ‘च’ होता. तो आमच्याकडे चावी होऊन राहिला. त्यांच्याकडे पुढे त्याचा ‘श’ झाला. आणि इथे गालिसियात तो होता तसाच आहे. खोलीत गेल्यावर लेकीने खिडकी उघडली तेव्हा मी विचारलं, हिला काय म्हणतात? “शानेला.” वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात माझी आजी खिडकीला जनेल म्हणायची. “जनेल लाव गे, पावस येता.” आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली. तिचा शब्द मला इतक्या लांब, अटलांटिकच्या काठी ऐकायला मिळाला.

गालिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, बरोबर पोर्तुगालच्या डोक्यावर. मध्ययुगात दोन्हीकडे एकच भाषा होती. पुढे दक्षिणेकडच्या भाषेला स्वतंत्र राज्य मिळालं, जहाजं मिळाली, गोव्यापासून ब्राझीलपर्यंतचा मुलूख मिळाला. उत्तरेकडची भाषा शेतात, होडीवर आणि चुलीपाशी राहिली. शाळा, कोर्टकचेरी, चर्चमधलं प्रवचन, सगळं स्पॅनिशमध्ये. गावातला माणूस गालिसियन बोलायचा आणि शहरात पाऊल ठेवताच ती गिळून टाकायचा.

मी तिथे गेलो तो एका माणसाची चित्रं बघायला. त्याचं नाव आल्फोन्सो दानिएल रोद्रीगेस कास्तेलाओ. दोन वर्षांपूर्वी लेकीने मला त्याच्या चित्रांचं एक पुस्तक पाठवलं होतं, माझा पेशा आठवून. मी एकतीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. पुस्तकातली भाषा मला येत नव्हती, पण रेषा वाचता येत होती. चार-सहा जाड रेषांत उभी केलेली म्हातारी, पाठीचा बाक एका वळणात आलेला. जिथे रेषा थांबते तिथे उरलेला कागदच अंग होतो. मी ते पुस्तक उशाशी ठेवून झोपायचो. मग एका रविवारी लेक फोनवर म्हणाली, “बाबा, नुसती चित्रं काय बघताय? खालची ओळ मी वाचून दाखवते.”

पहिली ओळ वाचली ती अशा चित्राची: परदेशातून परत आलेला, खंगलेला तरुण आपल्या आईपाशी. ओळ एवढीच की, मला तिकडे मरायचं नव्हतं, कळलं का आई. लेकीने ती प्रमाण मराठीत सांगितली. माझ्या कानात ती मालवणीत उमटली. “माका थंय मराक नको होता, गे आये.” त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याला कारण होतं.

१९८९ सालची गोष्ट. सहावीच्या वर्गाला मी विषय दिला होता, ‘मी पाहिलेला प्रसंग’. एका मुलाने एसटी काढली होती. टपावर ट्रंक, खिडकीत एक चेहरा आणि खाली रस्त्यावर पाठमोरं पोर. प्रमाणबद्धता नव्हती, एसटीची चाकं चौकोनाकडे झुकलेली, पण त्या पोराच्या खांद्यात जे होतं ते शिकवून येत नाही. खाली त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, “बापूस मुंबयक जाता.” मी लाल पेनाने ते खोडलं आणि वर लिहिलं, “वडील मुंबईला जात आहेत.” चित्राला दहापैकी आठ गुण दिले. मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर वर्षभर त्याने कुठल्याच चित्राखाली काही लिहिलं नाही. मला ते तेव्हा जाणवलंही नाही.

कास्तेलाओची ती चित्रं १९१६ ते १९१८ या काळातली. मालिकेचं नाव ‘नॉस’, म्हणजे ‘आम्ही’. १९२० मध्ये तिचं प्रदर्शन भरलं, पुस्तकरूपात यायला १९३१ उजाडलं. गरीब शेतकरी, खंडाने पिचलेली कुळं, गावचा पुढारी, वकील, परदेशी गेलेले आणि परतलेले. आणि प्रत्येकाखाली ओळ गालिसियनमध्ये, त्या माणसाच्या तोंडची. आज यात काय विशेष, असं वाटेल. तेव्हा चित्रकाराने शेतकऱ्याला रंगवावं, मडक्यासारखं, बैलासारखं, हे सर्वांना मान्य होतं. शेतकऱ्याने त्या चित्रात बोलावं, तेही आपल्या भाषेत, आणि शहरातल्या सुशिक्षितांनी भिंतीपाशी उभं राहून ते वाचावं, हे नवीन होतं. कास्तेलाओचं राजकारण म्हणून जे पुढे वीस-तीस वर्षं चाललं, त्याचं मूळ मला या ओळीत दिसतं. संसदेतलं भाषण, पक्ष, स्वायत्ततेचा मसुदा, हे सगळं त्या ओळीच्या मागून आलं.

पोंतेवेद्राहून आम्ही बसने त्याच्या जन्मगावी गेलो. रियांशो. आरोसा नावाच्या खाडीवरचं मच्छीमार गाव. खाडीत लाकडी तराफे उभे, त्यांना दोर लोंबकळतात आणि दोरांना शिनाने, म्हणजे शिंपल्यातले जीव, वाढतात. हो, आपलेच शिनाने, फक्त रंग काळा-निळा. दुपारी जेवणात तेच होते, नुसते वाफवलेले, वर लिंबू. त्यात खोबरं नाही, तिरफळं नाहीत, तरी मी दोनदा मागून घेतले. धक्क्यावर जाळी शिवत बसलेले म्हातारे बघितले आणि वाटलं, हा माणूस चित्र काढायला कुठे लांब गेलाच नव्हता.

३० जानेवारी १८८६ चा जन्म. तो तान्हा असतानाच वडील अर्जेंटिनाला गेले. नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर आईबरोबर तोही गेला. ला पाम्पाच्या त्या ओसाड सपाटीवर बेर्नास्कोनी नावाच्या खेड्यात वडिलांचं दुकान होतं, दारूगुत्ता आणि किराणा एकत्र असतो तसलं. तिथे ब्वेनोस आयर्सहून येणाऱ्या एका सचित्र साप्ताहिकातली व्यंगचित्रं बघून पोर रेषा शिकलं. १९०० साली कुटुंब परत आलं. म्हणजे परगावी गेलेल्या बापाची वाट बघणं आणि मग स्वतःच परगावी जाणं, दोन्ही त्याच्या अंगावरून गेलेलं. त्याची एक फार छोटी गोष्ट आहे, अमेरिकेहून येणाऱ्या बापाला घ्यायला धक्क्यावर गेलेल्या मुलाची. मुलाच्या मनात एक रुबाबदार माणूस आहे. उतरतो तो ढगळ कपड्यांतला, खंगलेला. मी ती लेकीकडून ऐकली आणि गणपतीला येणारे आमचे चाकरमानी आठवले. पेटीत सगळ्यांना काही ना काही आणणारे आणि रात्री ओटीवर खोकणारे.

गालिसियातून माणसं किती गेली याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. अर्जेंटिनात आजही कुठल्याही स्पॅनिश माणसाला ‘गायेगो’, म्हणजे गालिसियन, म्हणतात. गालिसियाचे प्रांत चार, आणि ब्वेनोस आयर्स हा पाचवा, असं तिथे म्हणायची पद्धत आहे. गालिसियात कोणी काही मागत नाही, उठून परदेशी जातात, असं कास्तेलाओने एके ठिकाणी लिहून ठेवलंय. कोकणातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको.

वडिलांच्या इच्छेखातर त्याने सांतियागो दे कोंपोस्तेलाला वैद्यकी केली. वडिलांवरच्या प्रेमापोटी डॉक्टर झालो आणि माणुसकीवरच्या प्रेमापोटी दवाखाना बंद ठेवला, हे त्याचं वाक्य तिकडे सर्वतोमुखी आहे. काही काळ रियांशोत त्याने दवाखाना चालवलाही. १९१४ मध्ये डोळ्याचा पडदा सुटला, दृष्टी जाते की काय अशी वेळ आली, शस्त्रक्रियेने ती वाचली. अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार, नुकता बाप झालेला, आणि डोळ्यांपुढे अंधार. त्यानंतरची त्याची रेषा जास्त मोजकी झाली असं मला वाटतं. आंधळे गायक आणि भिकारी त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात, तेही मला साधं वाटत नाही.

१९१६ मध्ये तो सांख्यिकी खात्यात कारकून म्हणून पोंतेवेद्रात आला. दिवसा सरकारी आकडे, उरलेल्या वेळात शाळेत चित्रकलेचे तास आणि रात्री वृत्तपत्रासाठी रोजचं चित्र. म्हणजे तो आमच्या जातकुळीचा, चित्रकलेचा मास्तर होता. त्याच वर्षी आ कोरुन्यात भाषेसाठी झटणाऱ्यांचे संघ सुरू झाले, ‘इर्मांदादेस दा फाला’, बोलीचे बंधुसंघ. कास्तेलाओ लगेच त्यांच्यात गेला. १९२० मध्ये ‘नॉस’ याच नावाचं मासिक निघालं. विसेंते रिस्को संपादक आणि कास्तेलाओ कलासंपादक. त्या मंडळींनी एक हट्ट धरला होता, की गालिसियन ही फक्त लोकगीतांची आणि विनोदाची भाषा नाही. तिच्यात पुरातत्त्व लिहायचं, तत्त्वज्ञान लिहायचं, जगातल्या नव्या साहित्याबद्दल बोलायचं.

त्या पिढीत केल्टिक रक्त, प्राचीन वंश असल्या गप्पाही पुष्कळ होत्या. त्या मला पटत नाहीत, आणि त्यात रमणारा रिस्को १९३६ साली लष्करी बंडवाल्या जनरल फ्रँकोच्या बाजूला गेला याचंही मला नवल वाटत नाही. कास्तेलाओही त्या हवेत वाढला, पण त्याने वजन टाकलं ते भाषेवर. आपण आजही गालिसियन आहोत ते भाषेच्या कृपेने, असं त्याने लिहिलंय. रक्त बदलता येत नाही, भाषा कोणालाही शिकता येते. माझ्या मते या एका फरकाने माणसं कुठल्या बाजूला जातात ते ठरतं.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि कास्तेलाओ पोंतेवेद्राचा खासदार म्हणून माद्रिदच्या घटना समितीत बसला. घटनेत भाषेचं कलम आलं तेव्हा तो आपल्या भाषेसाठी उभा राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘पार्तीदो गालेगिस्ता’ हा पक्ष स्थापन झाला. मागणी होती स्वायत्ततेची, आपलं विधिमंडळ असावं आणि आपली भाषा राजभाषा व्हावी, ही. भाषावार प्रांतरचनेसाठी आपल्याकडे काय काय झालं ते ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना ही मागणी परकी वाटणार नाही. पक्षाची संघटना उभी केली ती आलेशांद्रे बोवेदाने. ट्रेझरीत काम करणारा, आकड्यांत पक्का, पोंतेवेद्राच्या गायकवृंदात गाणारा तरुण. कास्तेलाओ सभेत बोलायचा, चित्रं काढायचा. चाकं फिरवायचा तो बोवेदा. कास्तेलाओ त्याला चळवळीचं इंजिनच म्हणायचा.

१९३३ ची निवडणूक कास्तेलाओ हरला. पुढच्या वर्षी सरकारने त्याला शिक्षा केली ती कशी? बदली. दूर बादाखोसला, पोर्तुगालच्या सरहद्दीवरच्या रखरखीत मुलखात. बोवेदाला कादिसला. ज्याने सरकारी नोकरी केलीय त्याला या शब्दाचा अर्थ नीट कळतो. त्यात तुरुंग नसतो, मारहाण नसते. फक्त तुमचं घर, तुमची माणसं, तुमचा पाऊस आणि तुमची भाषा काढून घेतात आणि दर महिन्याला पगार देतात. बादाखोसमध्ये बसून कास्तेलाओने पक्षाच्या वर्तमानपत्राला लेख पाठवायला सुरुवात केली. ते पुढे एका जाडजूड ग्रंथाचा पहिला भाग झाले. त्याचं नाव ‘सेंप्रे एन गालिसा’, सदैव गालिसियात. हा ग्रंथ गालिसियाबाहेर सुरू झाला, बाहेरच वाढला आणि बाहेरच छापला गेला.

१९३६ च्या फेब्रुवारीत तो डाव्या आघाडीतून पुन्हा निवडून आला. आघाडीत जाण्यावरून पक्ष फुटला होता. तो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, तरीही गेला, कारण स्वायत्ततेचं वचन त्याच बाजूने होतं. २८ जून १९३६ ला लोकांनी स्वायत्ततेच्या मसुद्यावर मतदान केलं आणि प्रचंड बहुमताने तो मंजूर झाला. जुलैच्या मध्यावर तो कागद माद्रिदला संसदेत पोचवायला जी मंडळी गेली त्यांत कास्तेलाओ होता. तीन दिवसांनी लष्कराने बंड केलं.

तो माद्रिदमध्ये होता म्हणून वाचला. गालिसिया काही दिवसांतच बंडखोरांच्या ताब्यात गेली. तिथे रणआघाडी नव्हती, खंदक नव्हते, लढाई अशी झालीच नाही. रात्री दार वाजायचं. पहाटे रस्त्याकडेला प्रेतं सापडायची. सांतियागोचा महापौर आणि गालिसियन पुस्तकांचा प्रकाशक आंशेल कासाल मारला गेला. १७ ऑगस्टला पोंतेवेद्राच्या वेशीबाहेर, आ कायेरा नावाच्या जागी, बोवेदाला गोळ्या घातल्या. वय तेहतीस. शाळामास्तरांना तर वेचून मारलं. प्रजासत्ताकाने गावोगावी शाळा काढल्या होत्या, त्यामुळे मास्तर कोण, राहतो कुठे, हे सगळ्या गावाला ठाऊक.

या बातम्या माद्रिदला आणि मग वालेन्सियाला पोचत होत्या. कास्तेलाओने परत ब्रश घेतला. १९३७ मध्ये ‘गालिसिया मार्तिर’ नावाचा चित्रसंच आला. त्यातलं एक चित्र माझ्या खोलीत आता भिंतीवर आहे. जमिनीवर पडलेला मास्तर आणि त्याच्यापाशी दोन मुलं. एकाने चेहरा झाकून घेतलाय. खाली ओळ आहे, ‘मास्तरांचा शेवटचा धडा’. मास्तरचा चेहरा बोवेदाचा आहे, असं म्हणतात. पुढे परागंदा असताना त्याने तेच चित्र तैलरंगात पुन्हा केलं.

या चित्रापुढे मी किती वेळ उभा होतो ते लेक सांगेल. एकतीस वर्षं वर्गात उभा राहिलेल्या माणसाला यातला ‘धडा’ हा शब्द सहन होत नाही. मुलं पुस्तकातली वाक्यं विसरतात, आपण काढून दाखवलेला नारळ विसरतात, आणि आपण स्वतः कसे होतो ते लक्षात ठेवतात. त्या दोन पोरांकडे मी बघत राहिलो आणि मला ते एसटीखालचं पाठमोरं पोर दिसत राहिलं. माझ्याकडून त्याला काय धडा मिळाला होता? की तू घरी जे बोलतोस ते लिहायच्या लायकीचं नाही.

त्याच संचात आणखी एक चित्र आहे, खड्ड्यात ढकलली जाणारी माणसं. खाली ओळ, ‘ते प्रेतं पुरत नाहीत, बी पेरतायत.’ गालिसियात ही ओळ आजही भिंतींवर दिसते.

प्रजासत्ताकाने त्याला मदत गोळा करायला रशिया, अमेरिका, क्यूबाला पाठवलं. तिथे त्याने काळ्या माणसांची चित्रं काढली, तीही त्याच आपुलकीने. प्रजासत्ताक युद्ध हरलं. १९४० मध्ये तो बायको व्हिर्शीनियासह ब्वेनोस आयर्सला उतरला. लहानपणी ज्या देशात बापामागून गेला होता त्याच देशात, चौपन्नाव्या वर्षी.

तिथली दहा वर्षं म्हणजे कामाचा धडाका. १९४१ च्या ऑगस्टमध्ये त्याचं नाटक रंगमंचावर आलं, तरुण पोरींच्या नादी लागलेल्या तीन म्हाताऱ्यांचं, आणि त्यातले मुखवटे त्याने स्वतः केले. आमच्या दशावतारातला संकासुर लहानपणापासून बघितलेल्या मला त्या मुखवट्यांचे फोटो बघून फार आनंद झाला. १९४४ मध्ये ‘सेंप्रे एन गालिसा’ छापून झालं. बादाखोस, बार्सेलोना, न्यू यॉर्क, आगबोट, ब्वेनोस आयर्स, जिथे बसायला मिळालं तिथे लिहिलेलं. त्याच वर्षी निर्वासित गालिसियन खासदारांनी मोन्तेविदेओत ‘कोन्सेयो दे गालिसा’, म्हणजे गालिसियाचं मंडळ, स्थापन केलं आणि तो त्याचा अध्यक्ष झाला. १९४६ मध्ये पॅरिसला जाऊन प्रजासत्ताकाच्या निर्वासित सरकारात बिनखात्याचा मंत्री झाला. त्यातून काही साधलं नाही. मायदेशात मागे राहिलेल्यांना वाटू लागलं होतं की आता राजकारण बाजूला ठेवावं आणि पुस्तकं, भाषा, संस्कृती जपावी. त्यांची अडचण मला कळते, फ्रँकोच्या हुकूमशाहीत जगत होते ते. पण कास्तेलाओला ही फाळणी पटत नव्हती, आणि मला तो बरोबर वाटतो. बाप मुंबईला का जातो हे विचारायचं नसेल तर ‘बापूस मुंबयक जाता’ ही ओळ जपून काय करायचं?

एक गोष्ट मागे राहिली. १९२८ मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा वारला, तेरा-चौदा वर्षांचा. दुसऱ्या वर्षी नवरा-बायको फ्रान्सच्या ब्रिटनीला गेले आणि तिथले दगडी क्रूस बघत, त्यांची रेखाटनं करत फिरले. त्यावर पुढच्या वर्षी पुस्तक आलं. मग गालिसियातले क्रूस. प्रत्येक तिठ्यावर, चर्चपाशी, माळावर दगडी खांब आणि वर क्रूस, एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा त्याची आई. गोव्यात वाटेवर खुरीस असतात तसेच, पण काळ्या-करड्या दगडाचे, शेवाळलेले. रियांशोच्या वाटेवर आम्ही एकापाशी थांबलो. खालच्या पायरीवर कोणीतरी काचेच्या ग्लासात रानफुलं ठेवली होती. मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली आई काही क्रुसांवर कोरलेली असते. मुलगा गेलेल्या या बापाने आणि आईने ती किती वेळा बघितली असेल, कागदावर किती वेळा उतरवली असेल. जिथे क्रूस आहे तिथे पूर्वी पाप घडलं होतं, आणि प्रत्येक क्रूस ही दगडातली प्रार्थना आहे, असं तो लिहितो. गालिसियातल्या क्रुसांचं ते मोठं पुस्तक १९५० साली ब्वेनोस आयर्समध्ये निघालं. त्याच वर्षी ७ जानेवारीला तो गेला. फुप्फुसाचा कर्करोग. तिथल्या गालिसियन लोकांनी वर्गणीतून चालवलेल्या इस्पितळात.

मरणाआधी दीड वर्ष, २५ जुलै १९४८ ला, त्याने ब्वेनोस आयर्सच्या एका थिएटरात भाषण केलं होतं. लेकीने ते मला लॉजवर रात्री मोठ्याने वाचून दाखवलं, अडखळत, मध्येच शब्दकोश बघत. गालिसियाचे सगळे थोर पुरुष आणि स्त्रिया एका रात्री मिरवणुकीने निघतात अशी कल्पना आहे. संत, बिशप, कवी, विद्वान. आणि मग त्यांच्यामागून असंख्य बारीक दिवे येतात, नाव नसलेल्या माणसांचे. शेत कसणारी, दगड घडवणारी, समुद्रावर जाणारी. भाषा ज्यांनी केली ती ही माणसं, असा त्याचा रोख. वाचता वाचता लेकीचा आवाज बसला. कोंकणातल्या देवचाराच्या मिरवणुकीच्या गोष्टी तिने आपल्या पणजीकडून ऐकल्या होत्या, मशाली दिसतात, माणसं दिसत नाहीत. तिला त्या आठवल्या असणार. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

त्याच्या अस्थी १९८४ मध्ये परत आल्या, २८ जूनला, स्वायत्ततेच्या त्या मतदानाच्या वाढदिवशी. सांतियागोच्या बोनावाल मठात, थोर गालिसियनांच्या समाधिस्थानात त्या ठेवल्या. त्या दिवशी बाहेर निदर्शनं झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या. ज्यांच्या राजकीय पूर्वजांनी त्याला देशोधडीला लावलं त्यांनी त्याचा सन्मान करावा, हे अनेकांना सोसलं नव्हतं. तोवर, १९८१ पासून, गालिसियाला स्वायत्तता मिळाली होती आणि गालिसियन ही स्पॅनिशच्या जोडीने राजभाषा झाली होती. आम्ही गेलो तेव्हा मठात आमच्याखेरीज दोनच माणसं होती. मी चप्पल काढून उभा राहिलो. सवयीने.

परत आल्यावर जूनमध्ये मी आमच्या जुन्या शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांकडे आठवड्याला एक तास मागितला. त्यांनी शनिवारचा दिला. पाऊस, जनेलं लावलेली, वर्गात एकवीस मुलं. मी कास्तेलाओचं नाव सांगितलं नाही. ते परत आलेल्या तरुणाचं चित्र फळ्यावर टाचलं आणि खाली खडूने लिहिलं, “माका थंय मराक नको होता, गे आये.” मुलं आधी हसली, शाळेच्या फळ्यावर मालवणी बघून. मग गप्प झाली. मग मी कागद वाटले.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने आई काढली होती, काजूच्या कारखान्यात ओळीने बसलेल्या बायकांमधली एक. हात मोठे काढले होते, चेहऱ्याहून मोठे. खाली काही लिहायचं तिने थांबवलं होतं. मी जवळ गेलो तेव्हा मान वर न करता हळूच विचारलं, “सर, ‘आवस’ असाच लिवचा मा?”

“असाच,” मी म्हटलं.